पाहिल्याशिवाय न लिहिणारे शेषरावकाका

शेषरावकाका गेल्याचं मला आमच्या वार्ताहरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मी मात्र आधी आष्टीला त्यांच्या घरी फोन लावला... ही खोड काकांनीच लावलेली. काकूंनी उचलला. "खरं हाय गं," त्या म्हणाल्या, "तू विचारल्याबिगर मानणार न्हाईस, ठाऊक होतं मला." तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

काका आष्टीहून आमच्या दैनिकाला बातम्या पाठवत. मी जालन्यातल्या कचेरीत नव्याने लागले तेव्हा माझ्यात आगाऊपणा ठासून भरलेला होता. भोकरदनकडच्या एका गावात घरोघर नळाला पाणी पोचलंय, असं सरकारी संकेतस्थळ सांगत होतं. मी गेले, वरच्या गल्लीतले चार नळ फिरवले, चारही कोरडे. झालं, 'कागदावरचं पाणी' असा मथळा ठोकून मी मोकळी. नेमके त्या दिवशी काका कचेरीत आलेले. मजकूर वाचून त्यांनी एवढंच विचारलं, "कोणत्या वारी गेल्तीस? अन् त्या गल्लीचा पाण्याचा वार कोणता?"

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, गल्लीगल्लीचे वार ठरलेले असतात, हे मला का माहीत नव्हतं? माझ्याच घरची पिंपं वार बघून भरली जातात. पण बातमीच्या घाईत साफ विसरले. ती तशीच छापली असती तर पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी 'त्या दिवशी वार नव्हता' या एका वाक्यात उडवली असती, आणि वरच्या गल्लीचं पुन्हा कुणी ऐकलं नसतं. "सरकारचा आकडा आधी खरा धर," काका म्हणाले, "मंग त्याला गावात नेऊन बराबर तपास. आठ दिवस जा."

गेले. ग्रामपंचायतीतून वारांची यादी घेतली आणि वरच्या गल्लीतल्या कौसाबाईंच्या ओट्यावर बसून वही लिहिली : वार, वेळ, पाणी. खालच्या गल्लीला तिच्या वारी पाणी आलं. वरच्या गल्लीला तिच्या वारीसुद्धा थेंब आला नाही, चढावर ते पोचतच नव्हतं. बातमी छापून आल्यावर जाब विचारायला एक साहेब आले. संपादकांनी पुढ्यात वही ठेवली, साहेब चहा पिऊन गेले. खरं सांगते, तेव्हा मला काकांचा थोडा रागही आला होता. नाव माझं छापलं होतं, पण बातमी उभी होती त्यांच्या प्रश्नावर.

काकांच्या दहाव्याला काकूंनी त्यांची वही माझ्या हातात दिली. प्रत्येक बातमीपुढे कोणता कागद बघितला, कोणाशी बोललो, आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द : 'पाहिलं'. माझ्या त्या बातमीचीही नोंद होती. 'वरच्या गल्लीत आता पाणी येतं म्हणतात.' पुढचा रकाना कोरा. पाय थकल्यावर त्यांना जाणं झालं नसावं...

मागच्या गुरुवारी, गल्लीचा वार आधी विचारून, मी गेले. कौसाबाईंनी नळ फिरवला. बराच वेळ नुसती हवा, मग गढूळ, मग स्वच्छ. हंडा भरेपर्यंत आम्ही दोघी तिथंच उभ्या होतो. नंतर त्याच ओट्यावर बसून मी काकांच्या कोऱ्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलं : पाहिलं.