दादाचं ओलं फडकं

आमचा दादा सोफे बनवायचा. हात सोन्याचा, डोकं भडकू. फोम कापायला बसला की नाकावर ओलं फडकं बांधायचा, नाहीतर भुशाने दिवसभर शिंका. वीस वर्षं त्या फडक्याने त्याला सांभाळलं, त्यामुळे त्याचा फडक्यावर जेवढा विश्वास तेवढा माझ्यावरही नव्हता. मी सख्खी बहीण, दुकानात त्याच्याबरोबर राबणारी; पण माझं ऐकेल तर शपथ!

कव्हरं शिवणारे काका ठार बहिरे. जेवण झालं की मागच्या खोलीत फोमच्या गठ्ठ्यावर आडवे व्हायचे. त्या दुपारी मात्र ते मागच्या दाराने चष्म्याची काडी बसवायला निघून गेले. कुणाला सांगायची पद्धतच नाही यांची! तेवढ्यात शेजारच्या वेल्डरची ठिणगी खिडकीतून आत आली आणि फोमने पेट घेतला.

आम्ही दोघं बाहेर पळालो. दादा एकदम थांबला. "काका आत झोपलेत!"

"बंब येतोय, जाऊ नकोस!" मी त्याचा सदरा धरला.

"फडकं आहे ना," तो म्हणाला. बादलीत बुडवलं, तोंडावर बांधलं आणि आत शिरला.

बंबवाल्यांनी त्याला बाहेर आणलं, तेव्हा अंगावर भाजल्याची खूणही नव्हती. दवाखान्यात बोटाला चिमटा लावला; यंत्रावर प्राणवायू अठ्ठ्याण्णव. माझा जीव भांड्यात पडला. पण तो धापा टाकत होता, मग त्याला झटके यायला लागले.

"प्राणवायू तर भरपूर दिसतोय ना?" मी डॉक्टरीणबाईंवर ओरडले.

"असा धूर अंगात गेला की या यंत्राच्या आकड्यावर भरवसा नसतो. आणि रक्तात प्राणवायू असून उपयोग काय, पेशींना तो वापरता येत नाहीये," त्या म्हणाल्या. "फोम जळला की धुरात सायनाइड तयार होतं. पेशी जिथे ऊर्जा बनवतात तिथेच ते अडून बसतं. ताट वाढलेलं आहे, पण घास गिळता येत नाही, असं झालंय. मेंदूला आणि हृदयाला सगळ्यात जास्त ऊर्जा लागते, म्हणून आधी तेच ढासळतात."

"पण त्याने ओलं फडकं बांधलं होतं हो!"

"फडक्याने भुसा अडतो, बाई. हा वायू नाही अडत."

सायनाइडवरचं औषध त्यांच्याकडे नव्हतं. दुसऱ्या दवाखान्यातून यायला चाळीस मिनिटं लागली. मध्ये एकदा दादाचं हृदय थांबलं; छाती दाबून दाबून त्यांनी ते परत चालू केलं. मी भिंतीवर डोकं आपटत होते. वेल्डरला, काकांना, देवाला, तोंडाला येईल ते बोलत होते. शेवटी लालभडक औषध आलं आणि थेंब थेंब त्याच्या शिरेत उतरलं.

दादा वाचला. लोक म्हणतात, नशीबवान. सहा महिने झाले. हात कापतात, कात्री धरवत नाही, आणि आजचं उद्या आठवत नाही. माझं नाव आठवतं, एवढंच काय ते.

रोज सकाळी डोळे उघडले की तो ताडकन उठून बसतो. "काका आतच राहिले गं! सोड मला!"

काका आता आमच्याकडेच राहतात. पहिले काही दिवस मी त्यांच्याकडे बघतही नव्हते. ते दादाचा हात आपल्या गालावर ठेवतात. "हा बघ मी. मला काही झालं नाही."

दादा त्यांना चाचपून बघतो आणि ढसाढसा रडतो. "वाचलात हो, काका," म्हणतो.

उद्या सकाळी काका त्याच्यासाठी पुन्हा आत अडकलेले असतील.