मटणवाल्या मावशीची नवी गाडी

मटणवाल्या मावशीच्या हाताची धास्ती सगळ्या बाजाराला होती. सोललेला अख्खा बोकड खांद्यावर टाकून ती तरातरा चालायची आणि तिचा सातूर ओंडक्यावर पडायला लागला की शेजारचा कांदेवाला बोलता बोलता थांबायचा. जीभही तशीच धारदार. "मटण शिळं तर नाही ना?" असं कुणी विचारलंच, तर "तुझ्या चेहऱ्यापेक्षा ताजं आहे" असं उत्तर मिळायचं. तरी गिऱ्हाईक तुटत नसे, कारण मापात आणि मालात तिने कधी खोट केली नाही.

नवरा होता तेव्हा दुकान त्याचं होतं. प्यायला की त्याचा हात सुटायचा. एकदा भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत त्याने तिच्या कानाखाली वाजवली. मावशीच्या हातात तेव्हा सातूर होता. ओंडक्यावर टेकलेल्या त्याच्या बोटांच्या अगदी जवळ तिने तो खाडकन रुतवला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी मी नेम धरणार नाही." त्यानंतर मरेपर्यंत त्याने तिच्या अंगाला हात लावला नाही. तेव्हापासून मावशीचं मत पक्कं झालं, की अंगावर येईल त्याला शिंगावर घ्यायचं. दुसरी भाषा जगाला कळत नाही. तिची एकुलती एक मुलगी त्या वेळी पायरीवर पाढे लिहीत बसली होती. ती पोर तेव्हा रडली नाही. पुढे कितीतरी दिवस ती झोपेत दचकायची, पण मावशी दिवसभराच्या कामाने मेल्यासारखी झोपायची, तिला ते कधी कळलंच नाही.

मुलीचं लग्न झालं. फर्निचरच्या दुकानात विक्रेता असलेला जावई मिळाला. बोलायला लोण्यासारखा मऊ. मोडका पलंगही माणूस त्याच्याकडून हसत घेऊन जाईल. मावशी एकटी उरली. मग कत्तलखाना शहराबाहेर हलवला. तिथून माल आणायला रिक्षावाले तयार होईनात; रक्ताचा वास आठवडाभर जात नाही म्हणायचे. मावशीने पिकल्या केसांनी गाडी शिकायला घेतली आणि शिकवणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळवून का होईना, परवाना मिळवला. मग मागे ऐसपैस जागा असलेली पांढरी नवीकोरी गाडी घेतली.

पहिल्याच दिवशी तिला कळलं की गाडीत काहीतरी खोड आहे. सरळ रस्त्यावर चाक जरा सैल सोडलं की गाडी डावीकडे निघायची. दोरीला हिसडा देणारं बकरं जसं चालता चालता बाजूच्या पाल्याकडे जातं, तशी. ब्रेक दाबला की हिसडा आणखी मोठा. कत्तलखान्यापासून दुकानापर्यंत चाक उजवीकडे धरून धरून तिचे खांदे भरून यायचे, आणि तिचे खांदे म्हणजे काही साधे खांदे नव्हेत.

ती गाडी सर्व्हिस सेंटरला घेऊन गेली. तिथला सुपरवायझर कडक इस्त्रीच्या शर्टातला, तरणाताठा. टायरमध्ये हवा कमीजास्त आहे म्हणाला. हवा भरली. फरक पडला नाही. पुन्हा गेली, तर गाडी मशीनवर चढवून चाकांचं अलाइनमेंट केलं, पुढचे टायर इकडचे तिकडे केले. गाडी डावीकडेच. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "मावशी, पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो. सगळ्याच गाड्या थोड्या जातात."

"मग उलट्या दिशेने येताना उजवीकडे का जात नाही?"

"त्या बाजूलाही उतारच असतो ना," तो हसत म्हणाला.

मग एक दिवस दुपारी गाडीतून उतरताना जळका वास आला. पुढच्या डाव्या चाकाशी वाकून तिने हात लावला आणि झटकन मागे घेतला. बोटाला फोड आला. उजवं चाक कोमट होतं, डावं तव्यासारखं तापलेलं. ती तशीच गाडीत बसली आणि थेट सर्व्हिस सेंटरच्या आवारात येऊन थांबली.

"वास येतोय? घ्या."

सुपरवायझर चाकापासून हातभर लांबच उभा राहिला. "नव्या ब्रेकला येतो थोडा वास. आणि खरं सांगू का मावशी, तुम्ही गाडी नवीन शिकलाय. रोज सातूर चालवून तुमच्या एका हाताला जोर जास्त. गाडी नाही ओढत, तुम्हीच ओढताय."

मागे गाड्या पुसणाऱ्यांमध्ये कुणीतरी फिसकन हसलं.

मावशीने त्याचं मनगट धरलं. बोकडाचा पाय धरावा तसं. त्याला काही कळायच्या आत तिने त्याला गुडघ्यांवर खाली आणलं आणि त्याचा पंजा त्या तापलेल्या लोखंडावर दाबला. तो असा ओरडला की आत काचेमागे बसलेली माणसं उठून उभी राहिली. कातडीचा वास ब्रेकच्या वासात मिसळला. "सांग, कोण ओढतंय? सांग ना!" मावशी विचारत राहिली. पहारेकरी धावत आले. एकाच्या ओठावर तिचं कोपर बसलं आणि रक्ताची धार लागली. चौघांनी मिळून तिला बाजूला ओढलं.

पोलीस आले. चौकीत दिवसभर बसवून घेतलं, जबाब झाला, सुपरवायझरने रीतसर तक्रार दिली. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, आमच्या फाटकात पाऊल ठेवायचं नाही, दुसऱ्या शहरातल्या सेंटरला जा. तिथे लगेच तारीख मिळेना. तोवर मावशी गाडी फक्त कत्तलखान्यापर्यंत न्यायची, तीही रांगत, ब्रेक लांबूनच हळूहळू दाबत. मनात कुठे पस्तावा नव्हता. उलट कांदेवाल्याला ती रंगवून सांगायची, "असा चटका दिला की जन्मभर चाक बघून सलाम ठोकेल."

अशातच एका सकाळी मुलगी दुकानात आली. कडक उन्हाळ्यात गळ्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली, खालचा ओठ फाटलेला. मावशीने सातूर बाजूला ठेवला, हात धुतले आणि ओढणी सोडवली. गळ्यावर बोटांचे निळे ठसे होते.

"आई, मी परत जाणार नाही."

"कधीपासून चाललंय हे?"

"लग्न झाल्यापासूनच."

"आणि मला आज सांगतेस?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "तू त्याला मारून टाकशील, याची भीती वाटायची."

मावशीला ते कौतुकासारखं वाटलं. मुलीने ते कौतुक म्हणून म्हटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाजार सुस्तावलेला असताना, जावई आला. अंगावर स्वच्छ शर्ट, तोंडात साखर. "आई, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच. तिला पाठवा. मी चिडतो, पण माझ्या मनात काही नसतं."

"भांडं लागलं नाही, जावईबापू, फुटलंय," मावशी म्हणाली. "आलात तसे पाय मोकळे करा. नाहीतर मी मोकळे करीन."

तो मान हलवत बाजूला झाला, जणू पटलंच. मावशी उरलेला माल ठेवायला मागच्या थंड खोलीत गेली. तेवढ्यात बाहेरून कडी पडली. मग मुलीची किंकाळी आली. मावशीने दारावर खांदा मारला, पुन्हा मारला, लटकवलेल्या मालाचे आकडे एकमेकांवर खणखणले. कडी उखडून ती बाहेर आली, तेव्हा जावई मुलीला केसांना धरून गाडीच्या मागच्या सीटवर कोंबत होता. खुंटीवरची चावी त्याच्या हातात होती.

ओंडक्यावरचा सातूर उचलून मावशी धावली. गाडी सुरू झाली.

"अरे, तिचा ब्रेक जोरात दाबू नकोस! गाडीत दोष आहे!" ती जीव तोडून ओरडली. खिडकीतून तो म्हणाला, "आता गाडीही तुम्हीच शिकवा!" आणि त्याने गाडी भरधाव सोडली.

कांदेवाल्याने स्कूटर काढली. मावशी मागे बसायला लागली तसा तो म्हणाला, "मावशी, तुम्ही बसा, पण ते हत्यार इथेच टाका. नाहीतर मी जाणार नाही." एक क्षणभर तिने त्याच्याकडे रोखून बघितलं. मग सातूर खाली पडला.

बाजाराच्या टोकाला गोदामातून एक ट्रक मागे सरकत रस्त्यावर येत होता. जावयाने सगळ्या ताकदीने ब्रेक मारला. गाडी मधमाशी चावल्यासारखी डावीकडे फिरली आणि गोदामाच्या दगडी भिंतीवर आदळली. पुढची डावी बाजू कागदासारखी चुरगळली. काच फुटली, मागचं दार उघडून आतल्या टोपल्या आणि टायर बदलायचा लोखंडी दांडा रस्त्यावर सांडला.

मावशी पोचली तेव्हा तिला वाटलं होतं, आता दोघांना बाहेर काढायचं. पण जावई आधीच बाहेर होता. कपाळावरून रक्त डोळ्यांत उतरत होतं, आणि तशा अवस्थेत तो मुलीला खेचून रस्त्यावर पाडून लाथा घालत होता. "तुझ्या आईने मला मारायलाच ही गाडी ठेवली होती! दोघी मिळून!" मुलीच्या नाकातून रक्त येत होतं, ती पोटाशी पाय घेऊन नुसती पडली होती. भोवती माणसं जमली होती आणि एकजण पुढे होत नव्हता.

मावशीने दांडा उचलला.

पहिला फटका गुडघ्यावर बसला. तो कोसळला. त्याने हात वर केला, दुसरा फटका त्या हातावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज बघ्यांनाही ऐकू आला. "आई, नको, पाया पडतो," तो म्हणाला. मावशीने तिसरा हाणला. मग आणखी. कितवा ते तिलाही माहीत नव्हतं. तिला फक्त गळ्यावरचे निळे ठसे दिसत होते. कुणीतरी तिच्या हाताला लोंबकळलं तेव्हा तिने त्यालाही झटकलं, आणि मग कळलं की ती मुलगीच आहे.

"बास कर, आई! बास!" रक्ताने भरलेल्या तोंडाने मुलगी ओरडत होती. "आता तू अगदी त्याच्यासारखी दिसतेस!"

दांडा मावशीच्या हातातून गळून पडला. तिथेच, भिंतीला टेकून, ती मटकन खाली बसली.

जावई वाचला. इस्पितळातून त्याने जबाब दिला, की सासूने ब्रेक बिघडवून त्याच्या खुनाचा कट केला. आरोप साधासुधा नव्हता. तपासासाठी पोलिसांनी सर्व्हिस सेंटरच्या सुपरवायझरला बोलावलं. तो आला, हाताला अजून पट्टी होती. मावशीने मनात म्हटलं, संपलं; याच्या जागी मी असते तर गळ्यापर्यंत गाडलं असतं.

अधिकाऱ्याने विचारलं, तसा तो सरळ म्हणाला, "गाडीत पहिल्यापासून दोष होता, साहेब. बाई चारदा आल्या होत्या. डावं चाक तापत होतं, ते माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. आम्ही उघडून बघायला हवं होतं. बघितलं नाही."

मग चाक उघडलं गेलं. ब्रेक सोडला तरी आतला दट्ट्या मागे सरत नव्हता, अडकून चाकाला कायम धरून ठेवत होता. तो तसाच कारखान्यातून आलेला होता.

बाहेर पडताना मावशी त्याच्यासमोर थांबली.

"मी तुमच्यासाठी नाही बोललो," तो म्हणाला. "खरं होतं म्हणून बोललो. माझी तक्रार मी मागे घेणार नाही. अजून मूठ मिटत नाही माझी."

"घेऊ नकोस," मावशी म्हणाली. आणि जन्मात पहिल्यांदा परक्या माणसाला म्हणाली, "चुकलं माझं."

कटाचा आरोप गळाला. मुलीच्या सासरच्या शेजाऱ्यांनी अखेर तोंड उघडलं आणि जावयाला मोठी शिक्षा झाली. पण भाजलेल्या हाताची आणि पडलेल्या माणसाला मारल्याची शिक्षा मावशीलाही झाली. न्यायालयात वकिलाने "मुलीला वाचवण्यासाठी" म्हणताच मावशीच म्हणाली, "पहिले दोन तिच्यासाठी होते. पुढचे माझे होते."

ती तुरुंगातून आली तेव्हा मुलगी शिवणकामाच्या कारखान्याजवळ खोली घेऊन राहत होती. दुकानात ये म्हटलं तर नाही म्हणाली. सातुराचा आवाज सहन होत नाही, एवढंच कारण दिलं. मावशी सुट्टीच्या दिवशी भेटायला जायची. पहिल्या भेटीत निघताना तिने मुलीच्या केसांवरून हात फिरवायला तो उचलला, तर मुलीने गच्च डोळे मिटले आणि मान खांद्यात ओढून घेतली. मावशीचा हात हवेतच राहिला. तिने तो हळूच खाली आणला आणि पिशवीचे बंद बांधत बसली. घरी गेल्यावर ती खूप रडली. घराशेजारीच राहणाऱ्या कांदेवाल्याला भिंतीपलीकडून ऐकू आलं, पण त्याने कधी विषय काढला नाही.

मावशी जात राहिली. हात मांडीवर ठेवून बसायची, कपड्यांचे तुकडे घडी करून द्यायची, कारखान्यातल्या बायकांच्या गमती ऐकायची. आवाज चढू द्यायची नाही. सवय नसल्याने कुजबुजल्यासारखी बोलायची आणि मुलगी "अगं, जरा मोठ्याने बोल, मी काही आजारी नाही" म्हणून हसायची.

एकदा मुलगी नुकतीच न्हाऊन आली होती. केसांचा गुंता सुटत नव्हता. ती बराच वेळ आरशासमोर झगडली, मग येऊन मावशीकडे पाठ करून खाली बसली आणि फणी मागे धरली.

"सोडव," ती म्हणाली. "पण हळू हं, आई."