सोजरबाईंच्या पाठीतल्या सळ्या

सोजरबाईंच्या हातची कडक भाकरी महिनाभर डब्यात राहिली तरी मऊ पडत नाही. बाईही तशाच. वळसंगची शेती भावकीवर सोपवून सोलापुरात आल्या, भाकऱ्यांचा धंदा उभा केला आणि चारचौघांत मान ताठ ठेवून वावरल्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी पोटात ठेवली होती. मुलाच्या, आदिनाथच्या लग्नाआधी त्या वळसंगात कडब्याच्या गंजीवरून पडल्या आणि कमरेच्या मणक्यात सळ्या नि स्क्रू घालावे लागले. ऑपरेशन पुण्याला झालं. विचारणाऱ्यांना सांगितलं, बहिणीकडं माळशिरसला गेले होते. सासूच जायबंदी म्हटल्यावर लेक देतंय कोण? घरची सगळी उस्तवार आपल्याच पोरीच्या गळ्यात, असं कुठलीही आई म्हणणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग सांगोल्याची ऋतुजा सून म्हणून आली, गुणाची निघाली, आणि खरं सांगायचं राहून गेलं ते गेलंच.

पाठ दुखायला लागली तेव्हा ऋतुजाच त्यांना हाडं किती भक्कम आहेत ते यंत्रावर मोजायला घेऊन गेली. यंत्रावरच्या मुलीनं धातूचं सगळं काढून ठेवायला सांगितलं. सोजरबाईंनी मंगळसूत्र काढलं, साबण लावून जोडवीही काढली. मुलीनं विचारलं, पूर्वी काही ऑपरेशन? सून शेजारीच उभी. सोजरबाई नाही म्हणाल्या. सेंटरवर ही गर्दी! पडद्यावरचं चित्र कुणी निरखून पाहिलं नाही, कागदावरचा आकडा तेवढा वाचला. हाडं म्हणे पंचविशीतल्या बाईची.

घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले. हाडं भक्कम म्हणून औषधही मिळालं नाही. आता दुखतंय म्हणावं तर कामचुकार ठरायची भीती, आणि खरं सांगावं तर खोटारडी. सोजरबाई दात आवळून भाकऱ्या थापत राहिल्या. ऋतुजा मात्र पिठाचा डबा त्यांच्या आधी उचलायची, आणि हेच त्यांना टोचायचं. रिपोर्ट एवढा चांगला असताना हिला माझा भरवसा का नाही? एका सकाळी त्यांनी हट्टानं डबा स्वतः ओढला. तोल गेला, हात टेकला, आणि तेवढ्यानं मनगट मोडलं.

हाडांचे डॉक्टर जुना रिपोर्ट बघून चक्रावले. मग त्यांनी आकडा बाजूला ठेवून रिपोर्टवरचं छोटं चित्र डोळ्यांजवळ धरलं आणि पाठीत काय घातलंय ते विचारलं. सोजरबाईंनी खाली बघत सगळं सांगून टाकलं. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, ज्वारीत खडे असले तर काटा खड्यांचंही वजन ज्वारीत धरतो. तसं यंत्रानं सळ्यांनाही हाडच समजून मोजलं. मग जिथं सळ्या नव्हत्या तिथं, खुब्याला आणि दुसऱ्या हाताला, पुन्हा मोजणी झाली. हाडं पार भुसभुशीत निघाली. औषध तेव्हाच सुरू व्हायला हवं होतं.

बाहेर बाकावर बसल्यावर सोजरबाई म्हणाल्या, "ऋतुजा, तुला फसवून आनलं बग मी."

ऋतुजा त्यांच्या मोडलेल्या हाताची झोळी नीट करत होती. "मला ठाव हुतं की, आत्या. सोयरीक जुळवताना आमच्या आप्पांनी वळसंगात चौकशी केलीती. गावात काय झाकून ऱ्हातंय व्हय?"

हिला सगळं माहीत असून ही आली, नांदली, आणि डबे उचलत राहिली. सोजरबाईंनी विचारलं, "मग त्या यंत्रापाशी बोलली का न्हाईस?"

ऋतुजाचे डोळे भरून आले. "तुमी न्हाई म्हनला. परक्या मानसापुढं तुमाला खोटं कसं पाडू? त्यानं एवढं हुईल हे कुटं ठाव हुतं मला?"

सोजरबाईंना रडू फुटलं. चांगल्या हातानं त्यांनी सुनेचा हात धरला आणि म्हणाल्या, "पाठ लई दुखतीया गं."