फिल्टर बदलल्यानंतर

माझी आत्या साठीची आहे आणि विटांचा ट्रक चालवते. तिचा जुना ट्रक कधी अडून बसत नसे. पण डिझेल फिल्टर बदलून आणल्यापासून रोज सकाळी गार इंजिन थडथडायचं, पांढरा धूर ओकायचं. तापलं की सुरळीत.

मेकॅनिक म्हणाला, "वय झालं त्याचं. भंगारात घाला."

"फिल्टर बदलायच्या आधी झालं नव्हतं," आत्या म्हणाली. "तुझ्या गॅरेजातच झालं होय?"

घरी येऊन तिनं बॉनेट उघडलं, फिल्टरच्या नळीच्या जोडावरून बोट फिरवलं. बोट डिझेलनं ओलं झालं. आत जुनंच दबलेलं वायसर परत बसवलं होतं आणि तिथून रात्रभर हवा शिरत होती. तिनं नवं वायसर घातलं, लाइनमधली हवा काढली. सकाळी दवात भिजलेला ट्रक चावी मारताच सुरू झाला.

मी बघत राहिले. दुसऱ्याचा हलगर्जीपणा किती सहज आपल्या वयाच्या माथी मारला जातो, आणि आपणही मुकाट मान डोलावतो. आत्याचे यजमान गेले तेव्हा तिलाही सगळे 'आता घरी बस' म्हणाले होते.

"मेकॅनिकला सांगणार का?" मी विचारलं.

"सांगायचं कशाला?" ती गिअर टाकत म्हणाली. "त्याच्या दारावरून हॉर्न वाजवत जाते."

आणि गेली.