नाडीचे मास्क

धुरपतामावशींना ऐकू येत नाही, हे आमच्या गावात कुणाला म्हणजे कुणालाच माहीत नव्हतं. मी त्यांच्या शेजारी राहते, दोन्ही अंगणांच्या मध्ये एक बुटकी भिंत आहे तेवढीच. माझ्या सासूबाई, सुमनबाई, तर त्यांच्या लग्नापासूनच्या मैत्रीण. तरी आम्हालाही पत्ता नाही. परभणीकडून येताना झरी गावाच्या पुढं आत वळलं की आमचं गाव. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते इथं पारापर्यंत पोचतं, आणि एका बाईचे कान गेलेले कुणाला कळत नाहीत. आता काय म्हणायचं अशा गावाला.

मावशी तरुणपणी जिनिंगमध्ये कामाला होत्या. कापसातली सरकी काढणाऱ्या मशीनच्या धडधडीत हंगामामागून हंगाम गेले आणि कान हळूहळू बसले. तशा त्या समोरच्याच्या ओठांकडं बघायला लागल्या. ओठांवरून बोलणं ओळखायची अशी सवय झाली की बोलणाऱ्याला शंकासुद्धा येऊ नये. सांगितलं का नाही, तर त्यांची आई म्हातारपणी बहिरी झाली होती. तिच्या सुना तिच्यासमोरच तिच्या मरणाच्या गोष्टी करायच्या, आणि पोरं पाठीमागं टाळ्या वाजवून हसायची. बहिरी म्हटलं की माणूस माणसांतून उठला, ही मावशींची पक्की समजूत. ती चुकीची होती असं मला म्हणवत नाही.

नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा महारुद्र पुण्याला कंपनीत. त्याचा फोन आला की मावशी तो सासूबाईंच्या हातात द्यायच्या. ते कानाला लावलं की माझं डोकं दुखतंय, म्हणायच्या. सासूबाई ऐकून सांगायच्या, मावशी त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघायच्या आणि उत्तर द्यायच्या. लेकाचं बोलणं या बाईला मैत्रिणीच्या ओठांवरून कळायचं, आणि आम्ही हसायचो, की मावशींना मोबाइलचं भ्या वाटतं.

मग कोरोना आला. दुकानं बंद, मास्क कुठं मिळेनात. आरोग्य खात्याच्या आशाताई मावशींकडं आल्या, कारण गल्लीत शिलाई मशीन त्यांचंच. जुन्या धोतराचं मऊ कापड घेऊन मावशींनी मास्क शिवले. इलॅस्टिक कुठून आणणार? परकराला असते तशी नाडी लावली, डोक्यामागं बांधायची. बांधून द्यायच्यासुद्धा त्या स्वतःच, आणि पक्की निरगाठ मारायच्या. विकतचा मास्क माणूस बोलताना सहज हनुवटीवर ओढतो. मावशींची गाठ सोडवायची तर दुसरं माणूस लागायचं. त्यामुळं आमच्या गावातले मास्क जागेवर राहिले, आणि परभणीहून आलेल्या नर्सबाईंनी मावशींचं तोंडभर कौतुक केलं. ते मावशींना कळलं नाही, कारण नर्सबाईंच्याही तोंडावर मास्क होता.

एकेक तोंड त्यांनी असं स्वतःच्या हातानं बांधून टाकलं. हे कळत असूनही शिवत का राहिलात, असं मी त्यांना खूप नंतर विचारलं. मावशी म्हणाल्या, "लोकं मरायले व्हते ग. माझ्या कानासाठी कुनाला उघडं ठिवू?"

हळूहळू त्या ओट्यावर बसेनाशा झाल्या. रस्त्यानं कुणी हाक मारली तर ओ नाही. शिवणकामानं बाई शिष्ट झाली, असं लोक म्हणायला लागले. बोलायला काय, जीभ रिकामीच होती सगळ्यांची. महारुद्रचा फोन आला की सासूबाई मास्कआडून निरोप सांगायच्या आणि मावशी अंदाजानं एकच म्हणायच्या, सगळं बरं हाय म्हन त्याला. त्यानं काहीही विचारलं तरी उत्तर हेच. मग त्याचेही फोन कमी झाले. दुपारी त्यांच्या घरातून फक्त मशीनचा आवाज यायचा. तो आम्हाला ऐकू येत होता, त्यांना नाही.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात चारठाण्याला लग्न निघालं. सासूबाईंच्या भावाच्या, रामकिशनमामांच्या लेकीचं, दीपिकाचं. सासूबाईंनी मावशींना लाल कापड, सोनेरी लेस आणि पत्रिका नेऊन दिली. नवरीकडच्या बायकांना एकसारखे मास्क पाहिजेत, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. मावशींनी ते काम जीव लावून केलं. बऱ्याच दिवसांनी त्यांना काहीतरी पुरतं समजलं होतं.

आणि लग्न तोंडावर आलेलं असताना मामा दवाखान्यात गेले ते घरी आलेच नाहीत. सगळं परभणीतच उरकलं. सासूबाईंना भावाचं तोंडसुद्धा बघता आलं नाही. आमच्यात कुणी गेलं की बायका येतात, गळ्यात पडतात, गेलेल्याचं नाव घेऊन रडतात, तेव्हा कुठं बाईचा ऊर मोकळा होतो. या वेळी आलेल्या बायका गेटापाशी हात जोडून परत गेल्या. सासूबाई रडल्याच नाहीत. संध्याकाळी भिंतीपाशी जाऊन त्यांनी मास्कआडूनच मावशींना दादा गेल्याचं तेवढं सांगितलं. मावशींनी मान डोलावली आणि आत जाऊन मशीनवर बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आमच्या दारात. हातात ताट, ताटात लाल मास्क, वर चार अक्षता. त्यांच्या तोंडावरच्या मास्कच्या वर डोळे हसत होते. सासूबाईंनी ताट घेतलं, खाली ठेवलं आणि त्यांच्या तोंडावर दार लावलं. मला म्हणाल्या, धुरपता मला मेली. काल सांगितलेलं असूनही बाई अशी वागते म्हटल्यावर मलाही रागच आला होता.

मावशींना काय झालं ते कळेना. त्या भिंतीवर रोज काहीतरी ठेवायच्या, कधी ताकाचा तांब्या, कधी शेवग्याच्या शेंगा. आम्ही हात लावायचो नाही. ऊन चढलं की त्याच येऊन ते परत न्यायच्या, आमच्या दाराकडं बघत. शेवटी त्यांनी आपल्या मनानं ठरवलं की मास्कच बिघडले असणार. उरलेलं लाल कापड काढलं, लेस बदलली, दुसरे मास्क शिवले आणि भिंतीवर मांडून ठेवले.

ते बघून सासूबाईंचा तोल गेला. त्या तडक मावशींच्या अंगणात गेल्या, मी मागोमाग. मास्क बांधलेला, तसाच आवाज चढवून त्या वाट्टेल ते बोलल्या. मावशी सासूबाईंच्या तोंडावरच्या मास्ककडं बघत राहिल्या. कापड नुसतं आत-बाहेर होत होतं. मग त्या पुढं आल्या आणि सासूबाईंच्या डोक्यामागची गाठ सोडायला लागल्या. गाठ त्यांचीच, सुटेना. शेवटी दोन्ही हातांनी मास्क खाली ओढला.

"तोंड दाव, सुमन," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येत न्हाई. लय सालापासून येत न्हाई."

मग सासूबाई लहान मुलाला सांगावं तसं सावकाश बोलल्या.

"दादा गेला, धुरपता. रामकिशनदादा गेला."

मावशींनी ते त्यांच्या ओठांवर वाचलं आणि पुढं होऊन त्यांना मिठी मारली. रामकिशनमामांचं नाव घेऊन त्या मोठ्यानं रडल्या, आणि इतक्या दिवसांनी सासूबाईही रडल्या. दूर व्हा, असं मी म्हणायला पाहिजे होतं. माझ्याच्यानं म्हणवलं नाही.

रडता रडता मावशी एकदम थांबल्या. मागं सरकून त्यांनी विचारलं, "मी ताट घिऊन आले, तवा गेल्ता का त्यो?"

सासूबाईंनी होय म्हणून मान हलवली.

मावशींनी भिंतीवरचे लाल मास्क गोळा केले, पदरात घेतले, घरात गेल्या आणि आतून कडी लावली. सासूबाई दारापाशी जाऊन हाका मारायला लागल्या. जाऊ दे ग, म्हणाल्या, तुला कुठं ठाऊक होतं, दार उघड. कितीतरी वेळ हाका मारत होत्या. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या तिथंच पायरीवर बसल्या.