आरंभशूराचा मासा

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे ‘शूर’ म्हणतात. बाहेरच्यांना वाटतं, लहानपणी विहिरीबिहिरीत उडी मारून कुणाला वाचवलं असेल. तसलं काही नाही. मूळ शब्द ‘आरंभशूर’ आहे आणि तो आमच्या आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, ठेवलेला आहे. वापरून वापरून त्यातला आरंभ झिजला आणि शूर तेवढा उरला.

नाव उगीच पडलं नव्हतं. गिटार आणली, बोटं दुखली, भिंतीवर टांगली. घराच्या जिन्याला रंग द्यायला घेतला तो मधल्या वळणापर्यंत. अजूनही आमच्याकडे हिरव्या जिन्याने चढायला लागतो आणि करड्या जिन्याने वर पोचतो. शिलाई मशिनं दुरुस्त करायचं दुकान मात्र त्याने नीट चालवलं. त्याच्या हाताला जाम झालेलं शटलसुद्धा मऊ होतं. पण त्याचंही श्रेय आप्पा त्याला देत नसत. म्हणत, “दुकानाचा आरंभ मी केलाय ना, म्हणून चाललंय.”

तर या शूरने एक दिवस दुकानात खाऱ्या पाण्याची माशांची टाकी आणली. बदली होऊन जाणाऱ्या एका गिऱ्हाइकाने ती विकायला काढली होती. साधी टाकी नव्हे. आत समुद्रातले दगड, दगडांवर हलणारी प्रवाळं, चार-पाच लहान मासे आणि एक मोठा, तळहाताएवढा, निळ्या अंगावर पिवळे पट्टे असलेला. कुणी दुकानात आलं की हा मोठा मासा संथपणे काचेपाशी यायचा आणि एका डोळ्याने त्या माणसाकडे बघत राहायचा, जणू विचारतोय, ‘गृहपाठ कुठाय?’ आम्ही त्याला मास्तर म्हणायला लागलो. 

सगळ्यांनी मनातल्या मनात टाकी विकायची जाहिरातही लिहून ठेवली. पण शूर मीठ कालवत राहिला, पाण्याचा खारटपणा मोजत राहिला, आणि मास्तर त्याच्या हातून कोळंबीचा तुकडा घ्यायला लागला.

घोळ झाला तो एका नव्या माशामुळे. बाजारात एक चिमुकला निळा मासा त्याला आवडला आणि आणला तसा त्याने तो टाकीत सोडला. नवा मासा आधी काही आठवडे वेगळा ठेवायचा असतो, हे त्याला माहीत होतं. म्हणाला, “एवढासा तर आहे, काय करणार?” एवढासा थोड्या दिवसांत मेला. आणि मग मास्तर दगडांवर अंग घासायला लागला.

आधी वाटलं, खाज सुटली असेल. मग त्याच्या डोळ्यांवर दुधाळ पडदा आला. कल्ले भराभर हलायला लागले. कोळंबी नाकापुढून गेली तरी तो हलेना. गिऱ्हाईक आलं तरी काचेपाशी येईना, कपारीत तोंड खुपसून बसायचा. शूरचं कामात लक्ष लागेना. एका बाईंच्या मशीनला त्याने सुई उलटी बसवून दिली, आणि हे त्याच्या हातून आजवर कधी झालं नव्हतं.

मासे विकणाऱ्याने बाटली पुढे केली. “हे टाकीत ओता, सगळे रोग जातात.”

“प्रवाळं?”

“तीही जातात,” तो प्रामाणिकपणे म्हणाला.

शूरने बाटली घेतली नाही. तो आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. कुत्री, मांजरं, क्वचित एखादा पोपट, असा त्यांचा कारभार. मी बरोबर होते, म्हणून सांगते, त्यांनी आधीच हात वर केले नाहीत आणि आव पण आणला नाही. म्हणाल्या, “मासा मी फक्त परीक्षेपुरता वाचलाय. उद्या या. आज मी परत वाचते.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं ते असं. अंगाला चिकटणारे चपटे कृमी असावेत. ते काचेसारखे पारदर्शक असतात, म्हणून दिसत नाहीत. माशाला काही मिनिटं गोड्या पाण्यात ठेवलं तर मासा ते सोसतो, कृमींना सोसत नाही. ते पांढरे पडतात आणि गळतात. “म्हणजे रोग आहे की नाही ते कळेल, आणि थोडा आरामही पडेल. पण पाणी टाकीतल्याइतकंच कोमट हवं, आणि हवेचा पंप चालू हवा.”

मास्तरला धरणं हीच एक लढाई झाली. जाळी बघितली की तो कपारीत. शेवटी शूरने एकेक दगड उचलून बाहेर काढला. माझी भावजय, म्हणजे त्याची बायको, परातींमध्ये आणि पातेल्यांमध्ये खारं पाणी घेऊन उभी, दर दगडाला एक भांडं. “आज जेवण बाहेरून मागवा,” ती म्हणाली, “स्वयंपाकघर समुद्रात गेलंय.”

मास्तर जाळीत आला आणि शूरने त्याला काळ्या बादलीतल्या गोड्या पाण्यात सोडलं. मी घड्याळ धरून शेजारी बसले होते.

मी गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ माणसाच्या हातात चाक असतं, पण माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, म्हणून मी कधी घाबरत नाही. त्या बादलीपुढे माझा पाय नुसताच जमिनीवर दाबला जात होता. कारण मास्तर दोन झटके देऊन चक्क आडवा झाला. तळाशी, एका कुशीवर, डोळा वर.

“काढ त्याला!” मी ओरडले.

“कल्ले चालू आहेत, ताई.”

“अरे मरतोय तो!”

“कल्ले बघ. मी तेच बघतोय.”

त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. अडलेल्या मशीनवर कान ठेवून तो जसा गप्प होतो, तसा तो आवाज होता. हात पाण्याच्या वर तयार, पण स्थिर. आणि तेवढ्यात माशाच्या अंगावर, जिथे काहीच नव्हतं तिथे, पांढरे ठिपके उमटायला लागले. एक सुटला. मग दुसरा. डोळ्यावरून तर तीन गेले. काळ्या तळावर कुणी तीळ सांडावेत तसे ते पडत गेले.

वेळ भरली. शूरने मास्तरला उचलून दुकानाच्या मागच्या खोलीत तयार ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टबात सोडलं. क्षणभर तो तरंगला, मग सरळ झाला. भावजयीने हातातलं पातेलं तेव्हा कुठे खाली ठेवलं.

बाईंनी ते तीळ सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि आम्हालाही बघू दिलं. एका टोकाला आकडे असलेलं चपटं पान. शूर म्हणाला, “मशीनच्या बॉबिन केससारखं दिसतंय,” आणि बाई हसल्या. कुत्र्यांच्या पोटातल्या जंतांवरचंच औषध चालणार होतं, टबातल्या पाण्याच्या हिशोबाने.

“पण नीट ऐका,” त्या म्हणाल्या. “औषधाने कृमी मरतात, अंडी मरत नाहीत. मासा बरा दिसायला लागेल तेव्हा काम अर्धंच झालेलं असेल.”

घरातल्या सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. अर्ध्यापर्यंतची तर आम्हाला शूरबद्दल खात्रीच होती.

आता त्या टबाचं सांगते. त्यात वाळू नाही, दगड नाहीत, पाणी साफ ठेवणारं काहीच नाही. म्हणजे रोज नवं मीठ कालवायचं, जुनं पाणी उपसायचं, तळ पुसायचा. शूरच्या हातांना मशीनचं तेल असतं, ते पाण्यात जाऊ नये म्हणून तो हात इतके धूत होता की बोटांच्या पेरांना चिरा गेल्या, आणि त्या चिरा खाऱ्या पाण्यात बुडवायच्या. मशिनांच्या थरथरीने मास्तर दचकतो म्हणून त्याने दुरुस्तीचं टेबल ओढून रस्त्याच्या बाजूला नेलं. उरलेले कृमी उपाशी मरावेत म्हणून मोठी टाकी माशांविना ठेवायची होती, म्हणून लहान मासेही टबात आले. दगड परत बसवलेल्या टाकीत नुसती प्रवाळं डुलत राहिली आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, “मेले का हो सगळे?”

औषधाच्या पहिल्या डोसानंतर मास्तर खायला लागला. डोळे निवळले. आप्पा म्हणाले, “झालं की. टाक आता टाकीत.” भावजय म्हणाली, मीही म्हणाले. त्याच्या बोटांकडे बघवत नव्हतं. शूर म्हणाला, “अंडी,” आणि बादली उचलून गेला.

दुसरा डोसही झाला. मग बाईंनी सांगितलं म्हणून पुन्हा एकदा गोडं पाणी. यावेळी मास्तर उभाच राहिला, रागाने शेपूट आपटत. आम्ही सगळे तळाकडे बघत होतो. काळ्या तळावर काही नाही, काही नाही, आणि मग एक कण. अगदी बारीक, पण पांढरा.

बाईंनी तो तपासला आणि हळूच म्हणाल्या, “तेच आहे. टबाच्या कडेला कुठेतरी अंडी राहिली असणार. नवा टब, नवं पाणी, पहिल्या डोसापासून परत.”

मला वाटलं, आता संपलं. आणि संपलं असतं तरी मी त्याला एक अक्षर बोलले नसते. शूर स्टूल ओढून बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर, चिरलेली बोटं पसरलेली. मग तो मान वर करून म्हणाला, “पहिल्यापासून ना? बरंय. आरंभ करायला आपण कधी घाबरलोय?”

आप्पा दारात उभे होते. ते हसले नाहीत. हसलो ते आम्ही, आणि हसता हसता मला उठून बाहेर जावं लागलं, कारण डोळे भरून आले होते. माझ्या भावाने स्वतःवरचा विनोद असा उचलून कामाला लावला होता, हे मी ज्याला त्याला सांगत सुटले. ड्रायव्हिंग शिकायला येणाऱ्यांनासुद्धा सोडलं नाही.

दुसऱ्या वेळी त्याने टब तर बदललाच, पण पंपाची नळीसुद्धा फेकून नवी आणली. रोज तळ पुसल्यावर फडकं उन्हात वाळवलं. एकदा आम्ही सगळे चार दिवसांसाठी बाहेरगावी निघालो, तिकिटं त्यानेच काढलेली, आणि स्टेशनवर आम्हाला सोडून तो दुकानात परत गेला. भावजयीला वाटेत मी विचारलं, “राग नाही आला?” ती म्हणाली, “ताई, तिकिटाचा आला. माणसाचा नाही आला.”

शेवटच्या गोड्या पाण्याला बाई स्वतः आल्या. भिंगातून तळ बघितला, पाणी गाळून बघितलं. मग भिंग पिशवीत ठेवून म्हणाल्या, “स्वच्छ. सोडा मास्तरांना वर्गात.”

मोठ्या टाकीत सोडल्यावर मास्तर आधी कपारीत गेला. बराच वेळ आम्ही नुसते दगड बघत बसलो. मग तो सावकाश बाहेर आला, प्रत्येक प्रवाळाची पाहणी केली, एका लहान माशाला उगीचच हुसकावलं आणि काचेपाशी येऊन थांबला. डोळा स्वच्छ, काळाभोर. शूरने कोळंबी कापायला घेतली.

मागच्या महिन्यात त्याने दोन नवे मासे आणले. ते मागच्या खोलीत टबात आहेत. परवा मी दुकानात गेले तर शूर आत मशीन खोलून बसला होता आणि आप्पा एका गिऱ्हाइकाला समजावत होते, “असं लगेच टाकीत सोडत नाहीत हो. माझ्या मुलाकडे तशी पद्धतच नाही. त्या कृमींना शंभर पाय असतात.”

“पाय नसतात, आप्पा,” आतून आवाज आला.

“आकडे असतात,” आप्पांनी लगेच सुधारलं, आणि गिऱ्हाइकाला खुर्ची ओढून दिली. “बसा. पहिल्यापासून सांगतो.”