चिखल्यावर बंदी

पॅरालिसिसचा अटॅक येऊन गेल्यावर पप्पांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. कळंबोलीच्या लोखंड बाजारात आख्खं आयुष्य क्रेन चालवलेला माणूस, आणि तो हात असा पाहुण्यासारखा बसलेला. बघवायचं नाही. जीभही जड झाली होती. कुणी भेटायला आलं की आईला विचारायचं, "जेवतात का नीट?" पप्पा समोर बसलेले असायचे, तरी आईला. माझं डोकं फिरायचं. अहो, त्यांना विचारा ना! ऐकू येतं त्यांना, कळतंही सगळं. पण कळतं हे दाखवायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

म्हणून मी त्यांना आमचा गेम शिकवला. मोबाइलवरचा. आपले सहा राक्षस, समोरच्याचे सहा, एकेक मैदानात उतरवून झुंजवायचे. चाल दोघांनी एकाच वेळी निवडायची, त्यामुळे समोरचा काय करणार हे ओळखण्यात सगळी गंमत. ऑफिसात मी हे सांगत नाही. तिशीतली बाई राक्षस झुंजवते म्हटलं की लोक हसतात. हसू देत. पनवेल, कामोठे, नेरूळकडची आम्ही वीसेक टाळकी रोज खेळतो आणि आमच्यासाठी तो पोरखेळ नाही.

अशा गेममध्ये अधूनमधून असा एखादा राक्षस येतो की तो ज्याच्याकडे, तो जिंकलाच. मग खेळात राम राहत नाही. म्हणून आमच्या ग्रुपचा नियम होता: जो राक्षस कच्च्या खेळाडूला पक्क्याच्या डोक्यावर नेऊन बसवतो, त्याच्यावर बंदी. बंदी मतदानाने. आणि मत फुकट मिळत नाही, वर्षभरात पुरेसे सामने जिंकून ते कमवावं लागतं. हा नियम लिहिणारी मीच.

पप्पांना मी ग्रुपमध्ये घेतलं आणि त्यांना सापडला चिखल्या. नाव आमच्या ग्रुपनेच ठेवलेलं. मार बसला की हा चिखलात बुडी मारायचा, जखमा भरून घ्यायचा आणि दुप्पट जोराने वर यायचा. एकच बटण, डाव्या अंगठ्याने दाबता येईल असं. पप्पा जिंकायला लागले. ग्रुपवर "काका, कडक!" असे मेसेज यायला लागले. ते आईला किचनमधून बोलावून मोबाइल दाखवायचे, आणि तिला ओ की ठो कळत नसताना ती "अगं बाई!" म्हणायची. एकदा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आले आणि सवयीने आईला विचारायला लागले, झोप लागते का यांना. पप्पाच मध्ये बोलले, "रोज तिघाचौघांना लोळवतोय." शब्द वाकडेतिकडे आले, पण आले. आई डोळे पुसत चहा टाकायला गेली.

चिखल्याची पाळी येणार हे मला दिसत होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं. मी दोनदा विषय टोलवला. तिसऱ्यांदा आमच्यातल्या सगळ्यात पक्क्या खेळाडूने, बँकेत असतो तो, थेट ग्रुपवर लिहिलं: "काकांकडेच बघा ना. काका, राग मानू नका. पण राक्षस कधी बदलायचा हेही त्यांना कळत नाही, आणि तरी ते मला हरवतात. याहून मोठा पुरावा काय पाहिजे?"

खाली अंगठ्यांची रांग. काल "काका, कडक" लिहिणारेच सगळे.

मी ऑफिसातून घरी पोचले तेव्हा पप्पांनी ते वाचलेलं होतं. मोबाइल मांडीवर, नजर त्याच्यावर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चपला न काढताच मी टाइप करायला लागले, जे तोंडात येईल ते, त्याची अक्कल, त्याची बँक, त्याचं खानदान. पाठवलंसुद्धा. पप्पांनी वाचलं.

"पुस त्ये," ते म्हणाले.

"का पुसू? कोण समजतो तो स्वतःला?"

"खरं लिवलंय त्यानं." मग बराच वेळ शब्द जुळवत बसले. "आगं, मला वाटत हुतं मी जिंकतोय."

मी मेसेज पुसला. रडूच आलं मला, तेही रागाचं.

पप्पांना मत होतं. चिखल्याच्या जिवावर कमावलेलं का होईना, होतं. त्यांनी ते बंदीच्या बाजूने दिलं. मी विरोधात दिलं, माझा नियम गेला खड्ड्यात. बंदी झाली.

"आता बघू," पप्पा म्हणाले, "माजं डोकं चालतंय का न्हाई."

त्यांनी नवे सहा निवडले. मी मदत करू का विचारलं तर हातानेच नको म्हणाले. आणि हरायला लागले. रोज. सकाळी चहाबरोबर, दुपारी आई झोपली की, संध्याकाळी मी आल्यावर माझ्यासमोर. पण सोडत नव्हते. हरल्यावर डोळे मिटून बसायचे, कुठे चुकलं ते आठवत असावेत. मला वाटलं, जमेल. खरंच वाटलं. अटॅकनंतर इतकं मन लावून त्यांना काही करताना मी पाहिलं नव्हतं.

मग ग्रुपमधल्या शहाण्यांना पान्हा फुटला. सगळ्यांना आपापल्या अंगठ्याची लाज वाटली असेल. पप्पा अचानक जिंकायला लागले. बँकवाला तर त्यांच्याविरुद्ध अशा चाली खेळला की शाळेतलं पोर खेळणार नाही. पप्पांनी तो सामना मध्येच सोडून दिला.

"ह्यो आसा खेळत न्हाई," एवढंच म्हणाले.

मी एकेकाला फोन करून झापलं. दया करायची असेल तर गेटवरच्या कुत्र्यांना बिस्किटं घाला म्हटलं. पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यानंतर पप्पा ग्रुपमधल्या कुणाशीच खेळले नाहीत. फक्त माझ्याशी. मी त्यांना एकही सामना फुकट दिला नाही, आईच्यान. उलट मुद्दाम जोर लावून हरवायची. आई चिडायची, "बापाला एकदा जिंकू दिलंस तर झिजशील का?" झिजणार नव्हते. पण या घरात कुणीतरी त्यांच्याशी खरं खेळायला पाहिजे होतं.

आणि एका रविवारी ते जिंकले.

दोघांचे तीन-तीन राक्षस उरले होते. त्यांनी माझ्या लाडक्याला असा काही लोळवला की माझं टाळकंच सटकलं. मी चिडले की सगळ्यात जोरात मारणारा, आगीवाला बाहेर काढते, मागचापुढचा विचार करत नाही. लहानपणी कॅरम खेळतानाही असंच, राग आला की स्ट्रायकर जीव खाऊन मारायची. हे पप्पांना माहीत नसणार तर कुणाला? मी आगीवाला काढला आणि त्याच क्षणी त्यांनी पाण्याचा उतरवला. ओळखलं होतं त्यांनी मला. एका फटक्यात आगीवाला खलास, आणि मागून उरलेलाही. कुणाच्या जिवावर नाही, चिखल्या नाही, काही नाही. निव्वळ डोकं.

मी ओरडलेच, "पप्पा! अहो, काय खेळलात!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हसत होते, टाळ्या वाजवत होते. किती वेळ बघत राहिले. मग डाव्या हाताने मोबाइल माझ्या ओंजळीत ठेवला.

"बाकीच्यांचं ठीक हाय," ते म्हणाले. "तू तरी आसं करायला नगं हुतंस."

मी शपथा घेतल्या, पायाशी बसून आख्खा सामना पुन्हा समजावला, कुठे कशी फसले ते दाखवलं. ते ऐकत राहिले. त्यानंतर त्यांनी गेम उघडला नाही. मी अजूनही मध्येच विषय काढते, पप्पा, मी खरंच हरले होते. ते मान डोलावतात आणि टीव्ही लाव म्हणतात.